शिंपल्यातला गुलाबी डाग

टीचरांच्या घरी राहायला गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला स्वयंपाकघरातून चिंच आणायला सांगितली, आणि मी पंधरा मिनिटं नुसते डबे उघडत आणि झाकत बसले. आमच्याकडे सांगलीला चिंच मिठाशेजारी असते. इथे मुळात मीठच सापडेना. शेवटी टीचर स्वतः आल्या, डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला आणि तूरडाळ, मूग, चवळी, शेंगदाणे, मेथी यांच्या रांगेतून चिंचेचा डबा काढून माझ्या हातात ठेवला.

"शेंगेतलं सगळं एका ठिकाणी. एवढं सोपं आहे," त्या म्हणाल्या.

"आणि मीठ?"

"मीठ सजीव आहे का?"

मीठ मागच्या पडवीत होतं, साबणाच्या वडीशेजारी. धने, जिरे, ओवा, बडीशेप आणि हिंग एका फळीवर, कारण ती सगळी एका कुळातली. आलं, हळद, वेलदोडे दुसऱ्या फळीवर. बटाटे आणि मिरच्या एका टोपलीत. इथपर्यंत मी कसंबसं सहन केलं. पण अळंबी फ्रिजमध्ये मासळीच्या कप्प्यात ठेवलेली पाहिली तेव्हा मी विचारलंच. टीचर म्हणाल्या, बुरशीचं नातं झाडांपेक्षा प्राण्यांशी जवळचं आहे. मी शाकाहारी. त्या घरी होते तोवर मी अळंबीला हात लावला नाही, आणि माझं चुकलं की त्यांचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

टीचर म्हणजे माझ्या घरमालकीण. विरारजवळ राजोडीला किनाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची केळीची छोटी वाडी आणि त्यात दोन खोल्या वर, तीन खाली असं घर. लग्न केलेलं नव्हतं. तीस-एक वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि गावातली लहानथोर सगळी माणसं त्यांना टीचर म्हणायची, फादरसुद्धा. मी विरारला एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर रिपोर्ट वाटायचं काम करत होते. त्याआधी फुलपाड्याला एका खोलीत आम्ही चौघी राहायचो, आणि तिथे पाय पसरायची सोय नव्हती म्हणून मी ही वरची खोली घेतली. लॅबमध्ये काम करते म्हटल्यावर टीचरांनी मला विज्ञानातली समजून टाकलं. मी बी.कॉम. आहे हे मी तीनदा सांगितलं. त्यांनी तिन्ही वेळा मान हलवली आणि पुन्हा शेवाळाबद्दल बोलायला लागल्या.

शेवाळ हाच त्यांचा संसार. तेही साधंसुधं नव्हे, समुद्रातलं लाल शेवाळ. मोठी ओहोटी असली की टीचर साडी वर खोचून, पायात गमबूट चढवून खडकांकडे निघायच्या. परत आल्या की पडवीत पत्र्याचा ट्रे मांडायचा, त्यात समुद्राचं पाणी ओतायचं, त्यात शेवाळ सोडायचं, खालून जाड कागद सरकवायचा आणि रंगाच्या ब्रशने एकेक फांदी पसरत कागद हळूच उचलायचा. मग वर जुन्या धोतराचं कापड, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर पाटा. आठवडाभराने कापड सोलून काढलं की शेवाळ चित्रासारखं कागदावर बसलेलं असायचं. डिंक लागत नाही, ते आपल्याच चिकटपणाने चिकटतं. असे हजारभर कागद त्यांच्या आतल्या खोलीत होते. आणि ट्रे दोन होते. दुसरा कधी वापरात आलेला मी पाहिला नाही, पण तोही दर खेपेला धुऊन पालथा घातला जायचा.

एकदा मी म्हटलं, "टीचर, हे लाल कुठाय? हे तर काळं आहे. आणि हे हिरवं."

"लालच आहेत."

"पण दिसत नाहीत."

"दिसण्यावर काय जातेस? नातं बघ."

मग त्यांनी मला नातं सांगितलं, आणि मी उगाच विचारलं असं मला झालं. लाल आणि हिरवं शेवाळ म्हणे चुलत बहिणी. आपल्या दारातली केळसुद्धा त्याच घराण्यातली. तपकिरी शेवाळ दिसायला अगदी तसंच, राहायला त्याच खडकावर, पण त्याचा या घराण्याशी काही संबंध नाही. आणि निळं-हिरवं शेवाळ हे तर शेवाळच नव्हे, जिवाणू. मी म्हटलं, मग सगळ्यांना शेवाळ का म्हणतात? टीचर म्हणाल्या, लोक जेलीफिशला मासा म्हणतात, चायना ग्रासला गवत म्हणतात, लोकांचं काय घेऊन बसलीस. नाताळात त्या चायना ग्रासची खरवसासारखी मिठाई करायच्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला वाटी हातात देताना सांगायच्या की हे लाल शेवाळ आहे. निम्मे लोक वाटी परत ठेवायचे.

त्यातून नावं बदलत असत. कुठेतरी परदेशात कुणी नवीन काही शोधलं की इथे राजोडीला टीचरांच्या कागदावर एक चिठ्ठी वाढायची. एका कागदावर मी तीन मोजल्या. आधी पोर्फायरा, मग पायरोपिया, मग आणखी एक लांबलचक नाव. जुन्या नावावर काट मारायची नाही, खोडायचं तर मुळीच नाही, शेजारी नवीन चिठ्ठी लावायची आणि खाली आपली सही करायची. मी एकदा मदत म्हणून खोडरबराने दोन जुनी नावं स्वच्छ पुसून दिली. टीचर दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "कुणाला काय वाटलं होतं, तेही कळायला नको का?" मला वाटलं होतं मी चांगलं काम केलं.

गावातले लोक टीचरांबद्दल आदराने बोलत आणि बोलता बोलता कानाजवळ बोट फिरवत. रोज बोंबील घेऊन येणारी कोळीण मावशी तर तोंडावरच म्हणायची, "टीचर, या वयात खडकावर जाता, पाय सरकला म्हंजे? ते पातल कागदासारखं असतं ना पावसाल्यात, त्याच्यावरून आमी बी पडतो."

"त्याच्यासाठीच जाते," टीचर म्हणायच्या.

"खायाचं नाय, विकायाचं नाय. काय करनार त्याचं?"

यावर टीचर गप्प बसायच्या. असं दुसऱ्या कुठल्याही प्रश्नावर त्या गप्प बसल्याचं मला आठवत नाही.

ते कागदासारखं शेवाळ म्हणजेच तीन चिठ्ठ्यांचं पोर्फायरा. पावसाळ्यात खडकांवर येतं, एका पेशीच्या जाडीचं, तांबूस जांभळं, वाळलं की काळं पडतं. गणपती झाले की नाहीसं होतं. मग पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते असतं कुठे? हा प्रश्न टीचरांनी मला एका रविवारी, चर्चमधल्या मिस्साहून आल्या आल्या विचारला. मी म्हटलं, मरत असेल. त्यांनी कपाटातून पेढ्यांचा एक जुना खोका काढला. आत कापसावर कालवाचा शिंपला होता. उजेडात धरला तर त्याच्या आतल्या पांढऱ्यावर गुलाबी डाग दिसायचा, कुणी शाईचं बोट पुसल्यासारखा.

"इथे असतं," टीचर म्हणाल्या. "हा डाग म्हणजे तेच. शिंपला कोरून आत शिरतं. रूप एवढं वेगळं की जगात आधी याला दुसरं नाव दिलं होतं. मग कळलं की एकाच्या पोटी दुसरं येतं, दुसऱ्याच्या पोटी पुन्हा पहिलं."

"म्हणजे आई आणि मुलगी?"

"साधारण. पण मुलगी आईसारखी नाही, आजीसारखी."

माझं डोकं फिरलं. पण खरी गोष्ट तिथून पुढेच होती, आणि ती मला तुकड्यातुकड्याने कळली. एम.एस्सी.ला टीचर आणि त्यांची एक मैत्रीण मिळून एका सरांच्या हाताखाली या खडकांवर काम करत होत्या. मैत्रीण चांदीपची, शेतकरी घरातली. टीचरांनी तिचं नाव कधी घेतलं नाही, नेहमी 'चांदीपची'. टीचरांचं म्हणणं होतं की राजोडीच्या शिंपल्यातला डाग आणि राजोडीच्या खडकावरचं पोर्फायरा एकच. चांदीपची म्हणाली, शिंपला कोरणारी शेवाळं बरीच असतात, हे वेगळं आहे, मी यावर सही करणार नाही. दोघींच्या नावाचा प्रबंध अर्धा राहिला. टीचर शाळेत लागल्या. चांदीपची डॉक्टरेट होऊन मुंबईच्या कॉलेजात शिकवायला लागली, आणि निवृत्त झाल्यावर परत चांदीपला आली.

"मग तुम्ही बोलत नाही?"

"चौतीस वर्षं झाली."

चांदीप काही अमेरिकेत नाही. याच तालुक्यात आहे, रिक्षा बदलत गेलं तरी दीड तासात पोचता येतं. एका शिंपल्यावरून दोन शहाण्या बायका एकाच तालुक्यात चौतीस वर्षं अबोला धरतात, हे मला पटेना. जमिनीवरून झालं असतं तर मी समजू शकले असते. मी तसं म्हटलंही. टीचरांनी खोक्याचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "ती आली असती तर मी दार उघडलं असतं." मग, मी विचारलेलं नसताना, "मीही जाऊ शकले असते."

त्या दिवशी मला कळलं की या बाईला शेवाळाचं उत्तर नको आहे, मैत्रीण परत हवी आहे. निदान मला तसं वाटलं. पुढे जे झालं त्याने तेही डळमळीत झालं.

गेल्या पावसाळ्यात मुंबईच्या एका संस्थेतली संशोधक मुलगी खडकांवर आली होती. ती चाकूने शेवाळ खरवडत होती आणि टीचर किनाऱ्यावरून तिच्यावर ओरडत होत्या की मुळापासून काढ, असं नखाने. दुपारी ती मुलगी आमच्या पडवीत चहा पीत होती. जाताना टीचरांनी तिला दोन पुड्या दिल्या. एकीत त्या दिवशीचं ताजं पोर्फायरा, दुसरीत त्याच किनाऱ्यावरचा डाग पडलेला ताजा शिंपला. डीएनए काढून दोन्ही जुळतात का बघ, म्हणाल्या. मुलीने माझा ईमेल घेतला, कारण टीचरांकडे बटणांचा फोन होता.

चार महिने काही आलं नाही. मी रोज लोकांना रिपोर्ट देते. पाकीट हातात घेतल्यावर माणसं काय करतात हे मला पाठ आहे. कुणी तिथेच फाडतात, कुणी घडी करून खिशात घालतात आणि पायऱ्यांवर जाऊन बसतात. टीचर कसल्या असतील याचा मी विचार करत होते. डिसेंबरात मेल आला तेव्हा त्या केळीला पाणी घालत होत्या. मी मोठ्याने वाचून मराठीत सांगितलं. दोन्ही नमुने एकाच जातीचे. शंका नाही. मुलीने खाली लिहिलं होतं, मॅडम, तुमचं बरोबर होतं.

टीचरांनी पाइप खाली ठेवला. मला वाटलं नाचतील. त्या म्हणाल्या, "म्हणजे मीच बरोबर."

"हो! अभिनंदन टीचर!"

"आता कसं करायचं?" त्या म्हणाल्या, आणि चेहरा असा झाला की लॅबमध्ये असता तर मी त्यांना खुर्ची दिली असती.

दोन दिवस त्यांनी धड जेवण केलं नाही. तिसऱ्या दिवशी मला बोलावून एक पत्र दाखवलं, अक्षर कसं आलंय बघ म्हणून. चारच ओळी होत्या. 'तपासणी करून घेतली. दोन्ही वेगवेगळी निघाली. तुझंच बरोबर होतं. रविवारी जेवायला ये.'

मी पत्र दोनदा वाचलं. "टीचर, हे उलटं लिहिलंय तुम्ही."

"माहीत आहे."

"पण हे खोटं आहे!"

"अक्षर कसं आहे?"

चिंच मिठाशेजारी शोधली म्हणून जिने मला अर्धा तास शिकवणी दिली होती, ती बाई शेवाळाबद्दल खोटं लिहीत होती. तेही जन्मभर जे सिद्ध व्हावं म्हणून वाट पाहिली, ते सिद्ध झाल्यावर. मी चिडले. मी म्हटलं, तुम्ही जिंकलात ना, मग कशाला? टीचर म्हणाल्या, "जिंकल्याचं कळवलं तर ती येईल का?" पत्र मीच पोस्टात टाकलं, आणि दिवसभर मला आपण काहीतरी चोरलंय असं वाटत राहिलं.

रविवारी अकराच्या सुमाराला रिक्षा दाराशी थांबली. उतरल्या त्या बाई ठेंगण्या, गुडघे दुखत असावेत अशा चालीच्या, हातात भाजीची पिशवी. पिशवीत वालाच्या शेंगा होत्या, घरच्या. टीचर पडवीच्या पायरीवर उभ्या. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. 'ये' असंही कुणी म्हटलं नाही. शेवटी मीच म्हटलं, "बसा ना," आणि आत पाणी आणायला गेले.

परत आले तर चांदीपच्या बाई खुर्चीत बसून पत्र पुढे धरून होत्या.

"हे काय लिहिलंयस?"

"तुझं बरोबर होतं म्हणून लिहिलं," टीचर म्हणाल्या. नजर केळीकडे.

"खोटं आहे हे."

मी ग्लास हातात घेऊन तशीच उभी राहिले.

"मी वाढवून पाहिलंय गं," चांदीपच्या बाई म्हणाल्या. "शिंपला फ्लास्कमध्ये ठेवला, उजेड कमी-जास्त करत राहिले. पाचव्या महिन्यात त्यातून पोर्फायराची पानं आली. एवढी एवढी. एकच आहे ते."

"कधी?"

"त्याच वर्षी."

मी टीचरांना इतकं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं. त्या ओरडल्याच. "त्याच वर्षी कळलं तुला? आणि चौतीस वर्षं मी इथे... एक चिठ्ठी टाकता आली नाही तुला? एक कार्ड?"

"नाही टाकली."

"का?"

"सरांच्या केबिनमध्ये तू काय म्हणालीस, आठवतं?"

टीचर समोरच्या पायरीवर बसल्या. मला काही माहीत नव्हतं. इतक्या महिन्यांत टीचरांनी शिंपला दाखवला, कागद दाखवले, सगळं सांगितलं, आणि हे सांगितलं नव्हतं.

चांदीपच्या बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, जणू मी पंच आहे, "ही सगळ्यांसमोर म्हणाली, हिला दिसत नाही, हिला फक्त पाठ करता येतं. शेतावरून आली आहे, पाठ करून इथवर आली आहे. सर हसले. बाकीचेही हसले." मग पुन्हा टीचरांकडे. "शिंपल्याचं मला केव्हाच कळलं होतं. पण ते तुला येऊन सांगायचं म्हणजे तूच खरी, असं म्हणायचं. मग ते वाक्यही खरं झालं असतं. आणि आता तू मला दान म्हणून हे खोटं देतेस? मी एवढ्यासाठी आले नाही इथे."

त्या उठायला लागल्या. गुडघ्यावर हात ठेवून, हळू. मला वाटलं, संपलं. आता पुन्हा कधी नाही. मी टीचरांकडे पाहिलं आणि मनातल्या मनात म्हटलं, काहीतरी बोला हो, तुम्हाला एरवी गप्प करता करता पुरेवाट होते.

टीचर म्हणाल्या, "शिंपला तू उचललास."

चांदीपच्या बाई थांबल्या.

"मी खडक बघत होते. पाण्यात हात घालून शिंपला तू काढलास आणि उजेडात धरून मला म्हणालीस, हा डाग बघ गं. मला तो दिसलाच नव्हता. मला तू दाखवलास." टीचर भराभर बोलत होत्या, वर्गात कधी बोलल्या नसतील तशा. "सरांना मी सांगितलं की मला सापडला. ते लक्षात यायला नको म्हणून तुला आंधळी म्हटलं मी. मला माहीत होतं मी काय करते आहे. इतकी वर्षं माहीत होतं. मला लाज वाटत होती, आणि लाज वाटते हे सांगायचीही लाज वाटत होती."

चांदीपच्या बाई पुन्हा खुर्चीत बसल्या, पदर डोळ्यांना लावला, आणि त्यातूनच म्हणाल्या, "एवढं म्हणायला पत्रात जागा नव्हती?"

"नव्हती," टीचर म्हणाल्या आणि त्याही रडायला लागल्या.

दोघी समोरासमोर बसून रडत होत्या, मधे वालाच्या शेंगांची पिशवी. एक खरी होती आणि तिने चोरी केली होती. दुसरी चुकली होती आणि मूळ नजर तिचीच होती. यात कोण जिंकलं, कुणी कुणाला माफ करायचं, मी कुणाच्या बाजूने, काही कळेना. माझेही डोळे भरून आले आणि हातातला ग्लास हिंदकळून पाणी माझ्याच पायावर सांडलं.

टीचरांनी मान वर केली. "तू का रडतेस गं? तुला काय कळलं यातलं?"

"काही नाही," मी म्हटलं. खरंच काही कळलं नव्हतं, पण रडू थांबेना.